गळतीचा माग : पास्कलपासून मोटारसायकलच्या क्लचपर्यंत

यंत्राच्या ठिकाणीं जे अनेक दोष संभवतात, त्यांत गळती हा दोष वरवर पाहतां सर्वांत क्षुद्र वाटतो. चाक मोडलें तर गाडी जागच्या जागीं थांबते, सांखळी तुटली तर मोठा आवाज होतो. पण एखादा थेंब गळाला म्हणून तत्काळ कोणाचें कांहीं अडत नाहीं. रात्रीं आवारांत उभी केलेली मोटारसायकल सकाळीं बाहेर काढावी, तिच्याखालच्या फरशीवर रुपयाएवढा ओला डाग दिसावा, आणि मालकानें तो पायानें पुसून कामावर निघावें, हा प्रकार शहरांत कांहीं दुर्मिळ नाहीं. पुढें आठवड्या-दोन आठवड्यांनीं डाव्या हातांतील क्लचची तरफ आवळतांना ती पोकळ लागूं लागते. गियर बदलतांना खडखड होते, न्यूट्रल सांपडत नाहीं, आणि तरफ पूर्ण आवळलेली असूनही चौकांत उभी असलेली गाडी मुंगीच्या पावलांनीं पुढें सरकूं पाहते. मग हँडलवरील लहानशी डबी उघडून तींत नवें तेल घातलें जातें. गाडी पूर्ववत् चालते, आणि प्रकरण मिटलें असें समजलें जातें.

वस्तुतः तें मिटलेलें नसतें. डबींत घातलेल्या तेलानें गळती बुजत नाहीं. तिची सर्वांत सोपी खूण मात्र पुसली जाते. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा सुमारें साडेतीनशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. ज्यानें गळालेल्या थेंबाची भरपाई केली त्याच्या हातून कांहींच घडलें नाहीं. ज्यानें तो थेंब कोठून आला व कां आला याचा माग काढला, त्याच्या हातून विद्या पुढें गेली. मोटारसायकलच्या क्लचची गळती कशी ओळखावी, हा प्रश्न याच इतिहासाचें एक लहानसें प्रकरण आहे.

या विद्येचा पाया फ्रान्समध्यें घातला गेला. क्लेरमाँ गांवीं 1623 सालीं जन्मलेला ब्लेझ पास्कल हा गणिती, तत्त्वचिंतक आणि प्रयोगशास्त्रज्ञ होता. अवघ्या एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यांत त्यानें बेरीज-वजाबाकी करणारें यंत्र बनविलें, हवेच्या दाबाचा प्रश्न धसास लावला, आणि द्रवांच्या समतोलावर एक छोटा प्रबंध लिहिला. तो प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1663 सालीं, प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें एक कल्पना मांडली आहे. चोहों बाजूंनीं बंद असलेलें एक पात्र पाण्यानें भरावें. त्याला दोन तोंडें ठेवावीं, एक लहान व दुसरें त्याच्या शंभरपट मोठें. दोन्ही तोंडांत बरोबर बसणारे दट्ट्ये घालावे. मग लहान दट्ट्या रेटणारा एक माणूस मोठा दट्ट्या रेटणाऱ्या शंभर माणसांची बरोबरी करील.

यांत जादू कांहीं नाहीं. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो. म्हणून जेथें क्षेत्र शंभरपट तेथें एकूण जोरही शंभरपट. मात्र निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. मोठा दट्ट्या एक इंच सरकावयाचा तर लहानाला शंभर इंच सरकावें लागतें. जोरांत जें मिळतें तें अंतरांत फेडावें लागतें, हेंही पास्कलनें स्पष्ट सांगितलें आहे.

एवढा सोपा नियम हातीं आल्यावर त्यावर चालणारें यंत्र लवकरच तयार झालें असेल, असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत त्यास 132 वर्षें लागलीं. कारण पास्कलच्या वर्णनांतील ‘बरोबर बसणारे’ हे दोन शब्द. कागदावर दट्ट्या बरोबर बसविणें सोपें असतें. लोखंडाच्या नळकांड्यांत तो बसवूं गेलें म्हणजे दोहोंमध्यें केसाएवढी तरी फट राहतेच, आणि शेंकडों पौंडांच्या दाबाखालीं कोंडलेल्या पाण्याला तेवढी वाट पुरते. नियमाचा भंग होत नाहीं, पण पाणी निघून जातें आणि त्याबरोबर जोरही.

हें कोडें लंडनमध्यें सुटलें. यॉर्कशायरमधील शेतकरी कुटुंबांतून आलेला जोसेफ ब्रामा हा सुतारकाम शिकून लंडनला आला व कुलुपें करणारा कारागीर म्हणून नांवारूपास चढला. त्यानें 1795 सालीं पाण्याच्या दाबानें चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. यंत्राचें तत्त्व पास्कलचेंच होतें. अडचणही तीच होती. मोठा दट्ट्या जेथें नळकांड्यांतून बाहेर येई तेथें भोंवतीं भरण ठांसून ती फट बुजवावी लागे. भरण सैल असलें तर पाणी फवाऱ्यासारखें उडे. तें इतकें घट्ट आवळलें कीं पाणी थांबे, तर दट्ट्या त्यांतच आवळून बसे व दाब काढल्यावरही खालीं येत नसे. म्हणजे यंत्र एक तर गळे, नाहीं तर अडकून राही.

ब्रामाच्या कारखान्यांत त्या वेळीं हेन्री मॉडस्ली नांवाचा एक तरुण काम करीत होता. वुलिच येथें 1771 सालीं जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षापासून तेथील सरकारी शस्त्रशाळेंत राबला होता व अठराव्या वर्षीं ब्रामाकडे आला होता. भरण बाहेरून किती आवळावें याचा सगळे विचार करीत असतां त्यानें पाण्याकडूनच तें काम करून घेतलें, असें सांगतात. त्यानें चामड्याचें एक कडें घडविलें. त्याची कड दुमडलेली, मध्यें पन्हळीसारखी पोकळी, आणि त्या पोकळीचें तोंड पाण्याच्या बाजूस. दाब वाढला कीं पाणी त्या पोकळींत शिरे व चामड्याच्या दोन्ही ओठांना फांकवून एकास दट्ट्यावर व दुसऱ्यास भिंतीवर दाबून धरी. दाब जितका अधिक तितकी पकड घट्ट. दाब उतरला कीं ओठ आपोआप सैल होत आणि दट्ट्या मोकळा होऊन खालीं येई. ज्या दाबामुळें पाणी निसटूं पाहत होतें, त्याच दाबाला दार लावण्याच्या कामास जुंपलें गेलें.

या युक्तीचें श्रेय मॉडस्लीचें होतें असें त्याच्या हाताखालीं पुढें शिकलेल्या जेम्स नॅस्मिथनें सांगितलें आहे. तथापि बोल्टनच्या बेंजामिन हिकचें नांवही त्या संदर्भांत घेतलें जातें. श्रेय कोणाचेंही असो, पेटंटवर नांव ब्रामाचें राहिलें. मॉडस्लीनें आठवड्याच्या तीस शिलिंगांवर थोडी वाढ मागितली, ती नाकारली गेली, तेव्हां 1797 सालीं तो बाहेर पडला. स्वतःचा कारखाना काढून पुढें तो इंग्लंडांतील यंत्रविद्येचा एक थोर गुरु ठरला. शास्त्रज्ञानें नियम सांगावा, कारखानदारानें पेटंट घ्यावें, आणि ज्या जागीं पाणी गळत होतें त्या जागेशीं रोज झटणाऱ्या मजुराचा शोध मात्र दुसऱ्याच्या आठवणींतून जगाला कळावा, असा हा प्रकार आहे.

गळती थांबली आणि पुढील शतकांत दाबाचें राज्य सुरू झालें. बंदरांतील याऱ्या, पूल उचलण्याचीं यंत्रें, पोलादाचे दाबे, तेलाच्या घाण्या असा त्याचा विस्तार झाला. मुंबई बंदरांतून विलायतेस जाणाऱ्या कापसाच्या गाठी अशाच दाबयंत्रांखालीं आवळल्या जात, म्हणजे गलबतांत थोड्या जागेंत पुष्कळ माल मावे. लंडन शहरांत तर 1883 सालीं स्थापन झालेल्या एका कंपनीनें रस्त्यांखालून दाबाच्या पाण्याचे नळ नेले, आणि पाळणे, याऱ्या व नाट्यगृहांचे रंगमंच त्या पाण्यावर चालविले. ती व्यवस्था 1977 पर्यंत टिकली.

पुढचा टप्पा रस्त्यावरील वाहनांचा. माल्कम लॉगहेड या अमेरिकन यंत्रज्ञानें द्रवाच्या दाबानें चारही चाकांना ब्रेक लावण्याच्या रचनेचें पेटंट 1917 सालीं मिळविलें. ‘लॉकहीड’ या बदललेल्या नांवानें तें कुटुंब पुढें विमानांच्या धंद्यांत प्रसिद्धीस आलें. 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडींत हे ब्रेक प्रथम विक्रीच्या मोटारींत आले. पण त्यांतील वाट्या चामड्याच्या होत्या. चामडें वाळे, आकसे व तडके, आणि ब्रेक गळूं लागत. दाबयंत्राचें गळणें म्हणजे एका कापसाच्या गाठीचा खोळंबा. ब्रेकचें गळणें म्हणजे माणसाचा जीव. वॉल्टर क्रायस्लर याच्या यंत्रज्ञांनीं त्या वाट्या रबराच्या केल्या, आणि 1924 च्या क्रायस्लर गाडींत हे ब्रेक भरंवशाचे ठरले.

रबर आलें आणि त्याबरोबर एक नवें पथ्यही आलें. खनिज तेलाच्या स्पर्शानें साधें रबर फुगतें व कुजतें. म्हणून आरंभीच्या काळांत ब्रेकसाठीं एरंडेल व मद्यार्क यांचें मिश्रण वापरीत. कालांतरानें त्याची जागा ग्लायकोल जातीच्या कृत्रिम द्रवांनीं घेतली. बाजारांत ‘ब्रेक ऑइल’ म्हणून जें मिळतें तें बहुधा हेंच. नांवांत तेल असलें तरी तें तेल नव्हे. तें पाण्यांत विरघळतें, हवेंतील ओल शोषून घेतें व रंग उडवितें. हे तीन गुणधर्म पुढें उपयोगीं पडणार आहेत.

याच सुमारास डेन्मार्कमध्यें जन्मून अमेरिकेंत स्थायिक झालेल्या नील्स ख्रिस्टेन्सेन यानें वाटीहूनही साधी वस्तु शोधली. ती म्हणजे एका खांचेंत बसविलेलें रबराचें वाटोळें कडें. सत्तरी ओलांडल्यावर, 1937 सालीं, त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला व 1939 सालीं त्याला तें मिळालें. इंग्रजी ‘ओ’ अक्षराच्या आकारावरून ‘ओ-रिंग’ म्हटलें जाणारें हें कडें नळाच्या तोटीपासून विमानापर्यंत सर्वत्र गेलें. त्याचें तत्त्वही चामड्याच्या कड्याचेंच: दाब आला कीं कडें खांचेच्या एका बाजूस सरून फटीवर आवळून बसतें.

मोटारसायकलच्या क्लचमध्यें मात्र द्रव बराच उशिरां आला. क्लच म्हणजे इंजिन आणि गियर यांना जोडणारी व तोडणारी तबकड्यांची चवड. स्प्रिंगांनीं त्या तबकड्या एकमेकींवर दाबलेल्या असतात; तरफ आवळली कीं त्या मोकळ्या होतात. हें काम अनेक दशकें बाउडेनच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, नळींतून जाणाऱ्या तारेनें केलें, आणि असंख्य गाड्यांत ती तार अद्यापि तें काम चोख करते. परंतु इंजिनें मोठीं झालीं, स्प्रिंगा कडक झाल्या, आणि मनगट दुखूं लागलें. तेव्हां 1980 च्या दशकाच्या आरंभीं जपानी कारखानदारांनीं द्रवाचा आश्रय घेतला. होंडाच्या 1982 च्या साडेसातशें सीसीच्या व्ही-फोर गाड्या व 1984 ची बाराशें सीसीची गोल्डविंग हीं त्याचीं ठळक उदाहरणें होत. तारेप्रमाणें ताण वारंवार जुळवून घेण्याची कटकट त्यामुळें संपली.

रचना पास्कलच्या पात्रासारखीच. हँडलवर तरफेपाशीं एक लहान नळकांडें, त्याला ‘मास्टर सिलिंडर’ म्हणतात. त्यावर द्रवाची डबी. तेथून एक नळी इंजिनच्या बाजूस उतरते व दुसऱ्या, अधिक रुंद नळकांड्यास मिळते, तें ‘स्लेव्ह सिलिंडर’. त्यांतील दट्ट्या एका दांडीला रेटतो आणि ती दांडी तबकड्या सोडविते. खालच्या दट्ट्याचा व्यास वरच्याच्या दुप्पट असेल तर क्षेत्र चौपट, म्हणून जोर चौपट; पण सरकणें मात्र चतुर्थांश. खालचा दट्ट्या एकंदरींत कांहीं मिलिमीटरच हलतो. त्यामुळें थोडासा द्रव गेला किंवा त्याच्या जागीं हवेचा एक बुडबुडा शिरला, तरी त्या तुटपुंज्या हालचालीचा मोठा भाग खर्ची पडतो. द्रव दाबला जात नाहीं, हवा मात्र दबते. म्हणून तरफ पोकळ लागते.

आतां गळतीचा माग कसा काढावा, हें पाहणें सोपें जाईल. पहिला साक्षीदार म्हणजे डबींतील पातळी. आणि येथेंच जाणत्यांचीही फसगत होते. ब्रेकच्या डबींतील पातळी हळूहळू उतरते, याचें कारण बहुधा निरुपद्रवी असतें. ब्रेकचे गुटके झिजतात, दट्ट्ये पुढें येतात व त्यांच्या मागील जागा भरण्यास थोडा द्रव खालीं जातो. क्लचचेंही असेंच असावें, असें मानून पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. परंतु बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचमध्यें नेमकें उलट घडतें. तबकड्या झिजल्या कीं चवड पातळ होते, दांडी स्लेव्हच्या दट्ट्याला मागें रेटते, आणि तेथील द्रव डबीकडे परततो. झिजेनें क्लचची पातळी उतरत नाहीं, किंचित् चढते. तेव्हां ती उतरत असेल तर तिला दुसरें कारण शोधण्याचें प्रयोजन नाहीं. द्रव कोठें तरी बाहेर जात आहे. डबीच्या कांचेवर पेन्सिलीची एक रेघ आणि बाजूस तारीख, एवढी नोंद आठवडाभर ठेवली तर संशयाला जागा उरत नाहीं.

पातळी उतरत नाहीं, कोठेंही ओल नाहीं, तरीही आवळून धरलेली तरफ हळूहळू हँडलकडे बसत जाते व गाडी सरकूं लागते, असा प्रकार असेल तर गळती आंतल्या आंत आहे. मास्टरमधील मुख्य वाटी झिजल्यामुळें द्रव तिला वळसा घालून पुन्हा डबींतच येतो. तरफ दोनचारदां भराभर आवळल्यावर तेवढ्यापुरती ताठ होत असेल, तर नळींत हवा आहे. ही हवा नुकत्याच झालेल्या दुरुस्तींत राहून गेली नसेल, तर ती आली कोठून हा प्रश्न उरतोच. कारण जेथून द्रव बाहेर येतो, तेथून हवा आंत जाऊं शकते.

पातळी उतरत असेल तर वरून खालीं क्रमानें पाहत यावें, कारण द्रव खालीं वाहतो आणि डागाची जागा ही गळतीची जागा असतेच असें नाहीं. प्रथम तरफेच्या मुळाशीं असलेली रबरी टोपी बोटानें मागें सारावी. तिच्याखालीं ओल असेल तर मास्टरचें मागचें सील गेलें आहे. हँडलच्या आसपासचा रंग फुगलेला वा सोललेला दिसणें, ही त्याचीच दुसरी खूण. मग नळीच्या दोन्ही टोंकांचे सांधे पाहावे. तेथें प्रत्येक बोल्टाबरोबर दोन मऊ वाशर असतात. एकदां दाबून बसलेले तेच वाशर पुन्हा वापरले कीं तेथून पाझर सुटतो. मग नळी जेथें चौकटीला घासते किंवा वळते तेथें चिरा पाहाव्या. शेवटीं स्लेव्ह. अनेक गाड्यांत तो सांखळीच्या पुढच्या दांतेरी चाकाजवळ, एका झांकणाआड असतो. सांखळीनें उडविलेला चिखल, वंगण व पाणी त्याच जागीं सांचतें. म्हणून तेथील सील पुष्कळदां आधीं खराब होतें.

येथें एक घोंटाळा संभवतो. स्लेव्हच्या आसपास तीन निरनिराळीं द्रव्यें एकत्र येऊं शकतात: सांखळीचें वंगण, दांडीच्या भोंवतींच्या सीलमधून आलेलें इंजिनचें तेल, आणि क्लचचा द्रव. काळ्या लगद्यांत तीं डोळ्यांनीं ओळखूं येत नाहींत. म्हणून ती जागा प्रथम स्वच्छ पुसून कोरडी करावी, आणि नव्यानें आलेला थेंब कांचेच्या पेल्यांतील पाण्यांत टाकावा. तो पाण्यांत विरून गेला तर ग्लायकोलचा द्रव. वर तरंगून इंद्रधनुषी तवंग धरला तर तेल. मात्र कांहीं युरोपीय बनावटीच्या गाड्यांच्या क्लचमध्यें खनिज तेलच वापरलेलें असतें; तेथें ही कसोटी लागू पडत नाहीं. आपल्या गाडींत काय आहे, तें डबीच्या झांकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें.

इतकें करूनही जागा सांपडली नाहीं, तर दोन रात्रींची परीक्षा आहे. सर्व सांधे पुसून त्यांवर अंगाला लावण्याची पांढरी पावडर भुरभुरावी व गाडीखालीं कोरा कागद अंथरावा. पहिल्या रात्रीं तरफ पट्ट्यानें हँडलला आवळून बांधावी, दुसऱ्या रात्रीं मोकळी सोडावी. सकाळीं पावडरीवर ओल्या रेघेचा उगम दिसतो. दोन रात्री कां, याचें उत्तर मॉडस्लीच्या चामड्यांत आहे. वाटीचा ओठ दाबाखालीं घट्ट होतो व दाब नसतांना सैलावतो. त्यामुळें थकलेलें सील कधीं आवळलेल्या तरफेखालीं कोरडें राहतें आणि गाडी स्वस्थ उभी असतांना पाझरतें. केवळ दाबून पाहणारा अशा सीलला निर्दोष ठरवून मोकळा होतो. याउलट सांध्यांतील किंवा नळींतील चीर दाबाखालींच अधिक बोलते. कोणत्या रात्रींचा कागद ओला झाला, यावरून दोष सीलचा कीं सांध्याचा याचा अंदाज बांधतां येतो.

जागा सांपडल्यावरही ‘कां’ हा प्रश्न शिल्लक राहतो. ग्लायकोलचा द्रव ओल शोषतो. वर्षानुवर्षें तो बदलला नाहीं तर त्या पाण्यानें नळकांड्याच्या आंतील भिंतीला खळगे पडतात, आणि खडबडीत भिंतीवर नवी वाटीही फार दिवस टिकत नाहीं. नख फिरवून खळगा लागला तर सील नव्हे, नळकांडेंच बदलणें इष्ट. सुटे भाग रॉकेलनें वा पेट्रोलनें धुण्याची कारखान्यांतील संवय येथें घातक ठरते. ग्लायकोलसाठीं बनविलेलें रबर त्यांनीं फुगतें, आणि आज लावलेलें सील महिन्याभरांत पुन्हा गळतें. असे भाग त्याच जातीच्या ताज्या द्रवानें धुवावे. खनिज तेलाच्या यंत्रांत ब्रेक ऑइल किंवा ब्रेकच्या यंत्रांत खनिज तेल घालणें, हा तर सगळ्या सीलांचा एकदम नाश होय. एरंडेलाच्या काळापासून चालत आलेलें हें पथ्य आहे.

एका क्लचसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. घाटांत, उतारावर, मागें मालमोटार असतां गियर सुटेनासा होणें ही कांहीं लहान आपत्ति नव्हे, हें एक उत्तर. दुसरें उत्तर याहून गंभीर असून तें त्याच रबरी कड्याच्या इतिहासांत आहे.

अमेरिकेचें ‘चॅलेंजर’ हें अंतराळयान 28 जानेवारी 1986 या दिवशीं उड्डाणानंतर 73 सेकंदांनीं आकाशांत फुटलें व त्यांतील सातही जण मृत्यूमुखीं पडले. त्याच्या बाजूच्या अग्निबाणांचे सांधे रबराच्या ओ-रिंगांनीं बंद केलेले होते. त्या सकाळीं कडाक्याची थंडी होती. रबर ताठरलें, वेळेवर फुगून फटीवर बसलें नाहीं, आणि तापलेला वायु बाहेर पडला. चौकशी-मंडळाच्या बैठकींत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनीं त्याच रबराचा तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला व बाहेर काढून दाखविलें कीं थंडींत तो लवकर पूर्ववत् होत नाहीं. एका पेल्यांतील पाण्यानें सांगितलेली ही साक्ष जगप्रसिद्ध झाली.

परंतु त्याहून बोलकी साक्ष वर्षभर आधींची होती. 1985 च्या जानेवारींत अशाच थंडींत झालेल्या एका उड्डाणानंतर समुद्रांतून परत आणलेल्या अग्निबाणांच्या सांध्यांत, पहिल्या व दुसऱ्या कड्यांच्या मध्यें, काळी काजळी सांपडली होती. पहिलें कडें चुकलें होतें. दुसऱ्यानें वेळ निभावली होती. तो डाग यंत्रज्ञांनीं पाहिला, त्याची नोंद झाली, आणि चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्रीं त्यांच्यापैकीं कित्येकांनीं थंडींत उड्डाण करूं नये असा आग्रहही धरला. निर्णय मात्र दुसऱ्यांच्या हातीं होता. मागील खेपेस यान सुखरूप परतलें, हेंच पुढील खेपेस पुरेसें कारण मानलें गेलें. डबींत तेल घातल्यावर गाडी चालली, म्हणून डाग पुसून टाकणाऱ्याचा तर्क याहून निराळा नसतो.

पास्कलनें नियम सांगितला त्या वेळीं ‘बरोबर बसणारा’ हे शब्द त्यानें सहज लिहिले. चामडें, रबर, वाटी, कडें अशी पिढ्यानुपिढ्यांची मेहनत त्या दोन शब्दांचा अर्थ प्रत्यक्षांत आणण्यांत खर्ची पडली आहे, आणि तें काम कायमचें पुरें झालेलें नाहीं. प्रत्येक सील झिजणारच आणि प्रत्येक यंत्र केव्हां ना केव्हां गळणारच. त्या वेळीं जवळ असलेल्या माणसानें हातांतील डबा बाजूस ठेवून आधीं फडकें, कोरा कागद आणि पाण्याचा पेला घ्यावा. पहिला थेंब कोठें उमटतो तें पाहावें. आणि तेथील सील बदलून झाल्यावरच डबी भरावी.